जीन्स कुणाचे, पेशंटचे की व्हायरसचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत हिपॅटायटिस बी वर जो लेख आला होता, 'औषध लागू पडणार की नाही हे तुमचे जीन्स ठरवतात' अशा अर्थाचं हेडिंग होतं, तो वाचून हे पत्र लिहितोय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण जिनोटाइपबद्दलचा भाग तेवढा कापू नका कारण लेखातला सगळा घोळ तिथेच झालाय. मी स्वतः क्रॉनिक हिपॅटायटिस बी चा, म्हणजे लिव्हरमध्ये ठाण मांडून बसलेल्या व्हायरसच्या इन्फेक्शनचा, पेशंट आहे, बरीच वर्षं रोज गोळी घेतोय. डॉक्टर नाहीये. पण हा आजार असा आहे की माणूस हळूहळू रिपोर्टमधल्या प्रत्येक आकड्याच्या मागे लागतो, हा का वाढला, तो का कमी झाला, शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटला जे इंजेक्शन लागू पडलं ते मला का नाही दिलं, असं करत करत बरंच वाचून होतं, आणि जिथे समजत नाही तिथे डॉक्टरांचं डोकं खायचं. आमचे डॉक्टर सहनशील आहेत.

लेख सगळाच चुकीचा नाही. पेशंटच्या जनुकांचा उपचारावर परिणाम होतो हे खरंय, त्यावर भरपूर काम झालंय आणि ते इंटरेस्टिंग पण आहे. पण लेखात ते अशा पद्धतीने मांडलंय, वर जीन टेस्टची वाट बघा असंही सांगितलंय, की लेख आल्यावर ओळखीच्या एका पेशंटचा मला फोन आला, म्हणाला की सध्या गोळी थांबवतो, आधी ती जीन टेस्ट करून घेतो, आपल्याला लागू पडणारच नसेल तर उगाच कशाला खात बसायची. ऐकून मला घामच फुटला. या गोळ्या अशा अचानक बंद केल्या की दाबून ठेवलेला व्हायरस परत उसळी मारतो, मग आपलीच इम्युनिटी लिव्हरच्या पेशींवर तुटून पडते, रिपोर्टमधले लिव्हरचे एन्झाइम्स गगनाला भिडतात आणि ज्याला आधीच सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक झालंय, त्याच्या तर जिवावर बेतू शकतं. काही पेशंटच्या बाबतीत गोळी बंद करून बघतात, नाही असं नाही, पण ते डॉक्टर ठरवतात आणि नंतर महिनोन्महिने पुन्हा पुन्हा रक्त तपासत राहावं लागतं. पेपरात वाचून रविवारी घ्यायचा निर्णय नाहीये हा.

आता मुद्द्याचं बोलतो. लेखात 'हिपॅटायटिस बी चं औषध' असं एकच काहीतरी आहे असं धरून लिहिलंय. प्रत्यक्षात दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत आणि जीन्सचा प्रश्न त्यातल्या एकाच वाटेवर मोठा आहे.

एक वाट इंटरफेरॉनची. आता वापरतात ते पेगिलेटेड इंटरफेरॉन, आठवड्यातून एकदा इंजेक्शन, साधारण ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, केस गळणं, मूड जाणं, सगळं असतं त्याच्यात. हे औषध मुख्यतः पेशंटच्या स्वतःच्या इम्यून सिस्टिमला कामाला लावतं, म्हणजे लढायचं काम शेवटी तुमच्याच पेशींनी करायचं. साहजिकच ज्याची त्याची इम्यून सिस्टिम जशी घडलेली असेल तसा रिझल्ट. ज्या पेशंटचं एचबीईएजी पॉझिटिव्ह असतं, म्हणजे व्हायरस जोरात वाढत असल्याची खूण, अशा लोकांवर झालेल्या मोठ्या ट्रायलमध्ये हे इंजेक्शन घेतल्यानंतर साधारण एक तृतीयांश लोकांत ते निगेटिव्ह होऊन त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली. बाकी दोन तृतीयांश लोकांना वर्षभर इंजेक्शन्स घेऊन, अंगावर सगळे साइड इफेक्ट काढून, तो निकाल काही मिळाला नाही. मग प्रश्न येणारच की बाबा कुणाला लागू पडेल हे आधी कळेल का? जीन्सचा शोध इथूनच सुरू झाला आणि तो रास्त आहे.

दुसरी वाट गोळ्यांची. एन्टेकाविर, टेनोफोविर. आज उपचार घेणारे बहुतेक पेशंट याच गोळ्यांवर आहेत, मी पण. या गोळ्या तुमच्या इम्यून सिस्टिमच्या भरवशावर नसतात. व्हायरसचं जे पॉलिमरेज नावाचं एन्झाइम आहे, ज्याच्या जोरावर तो स्वतःच्या कॉपी काढतो, त्या एन्झाइमलाच त्या अडकवतात. त्यामुळे पेशंटचे जीन्स कुठलेही असोत, गोळी वेळेवर पोटात गेली की व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, खाली येतोच बहुतेकांचा. टेनोफोविरच्या सुरुवातीच्या ट्रायल २००८ साली आल्या, त्यात ४८ आठवड्यांनंतर एचबीईएजी निगेटिव्ह असलेल्या पेशंटपैकी ९३ टक्क्यांचा आणि पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा व्हायरल लोड अगदी नगण्य झाला होता. आता हे ९३ आणि ७६ का? लेखकाच्या हिशेबाने जीन्स. पण पॉझिटिव्हवाल्यांचा लोड मुळात सुरुवातीलाच कित्येक पटीने जास्त असतो, खाली यायला वेळ लागतो, इतकं साधं कारण आहे, आणि तीच गोळी पुढे चालू ठेवली की त्यातले बहुतेक उरलेले पण खाली येतात. गोळ्यांवर असलेल्या माणसाचा लोड खाली येत नसेल तर चांगला डॉक्टर पहिला प्रश्न काय विचारतो तर गोळ्या चुकतात का. हा प्रश्न कुणाला आवडत नाही. जीन्सवर खापर फोडणं जास्त सोयीचं असतं.

आता जिनोटाइप. लेखात लिहिलंय की 'पेशंटच्या जिनोटाइपनुसार उपचाराचा परिणाम बदलतो'. अहो, हिपॅटायटिस बी च्या रिपोर्टवर जो जिनोटाइप ए, बी, सी, डी असा लिहिलेला असतो तो पेशंटचा नसतो, व्हायरसचा असतो! व्हायरसचं स्वतःचं जनुकीय घराणं म्हणा. या व्हायरसचा सगळा डीएनए मिळून फक्त साधारण ३२०० अक्षरांचा, आपला ३ अब्जांचा, आणि त्या ३२०० मध्ये ८ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला की वेगळा जिनोटाइप धरतात. ए पासून जे पर्यंत आहेत. आणि गंमत म्हणजे इंटरफेरॉनच्या बाबतीत हा व्हायरसचा जिनोटाइपच जास्त कामाचा निघाला. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ट्रायलमध्ये, २६६ पेशंट होते, इंटरफेरॉननंतर एचबीईएजी जाण्याचं प्रमाण जिनोटाइप ए मध्ये ४७ टक्के, बी मध्ये ४४, सी मध्ये २८ आणि डी मध्ये २५. म्हणजे शिकागोतला असो की शांघायमधला, पेशंटच्या अंगात कुठला व्हायरस बसलाय यावर बरंच अवलंबून. गोळ्यांना मात्र या ए बी सी डी चं काही पडलेलं नाही, सगळ्यांवर सारखंच काम करतात, म्हणून फक्त गोळ्या द्यायच्या असतील तर बरेच डॉक्टर जिनोटाइपची टेस्ट सांगतच नाहीत, आणि पेशंटला वाटतं यांनी टेस्ट चुकवली.

गोळ्यांच्या बाबतीत जीन्सचा खरा खेळ झाला तो पण व्हायरसच्याच जीन्सचा. लॅमिव्ह्युडिन ही हिपॅटायटिस बी ची पहिली गोळी, १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. इंजेक्शन नाही, ताप नाही, रोज एक गोळी, लोकांना वाटलं सुटलो. पण व्हायरस कॉपी काढताना चुका करतो, त्यातली एखादी चूक अशी होते की पॉलिमरेजचा नेमका तो भाग बदलतो जिथे गोळी अडकते, आणि मग ती गोळी रोज घेऊनही व्हायरस बिनधास्त वाढतो. लॅमिव्ह्युडिन एकटी घेणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्के पेशंटमध्ये ५ वर्षांत असा रेझिस्टन्स तयार झाला. त्या काळात किती लोकांनी 'मला औषध मानवत नाही, माझी प्रकृतीच तशी' असं म्हणून सोडून दिलं असेल कोण जाणे. प्रकृतीचा काय संबंध, बदल व्हायरसमध्ये झाला होता. पुढे एन्टेकाविर आली, पहिल्यांदाच उपचार घेणाऱ्यांमध्ये ५ वर्षांत रेझिस्टन्स १ टक्क्याच्या आसपास, पण तीच एन्टेकाविर लॅमिव्ह्युडिनला दाद न देणाऱ्यांना दिली तर ५ वर्षांत जवळपास निम्म्यांमध्ये रेझिस्टन्स, कारण त्यांचा व्हायरस आधीच अर्धा तयार होऊन बसलेला. टेनोफोविरच्या मूळ ट्रायलमधल्या पेशंटमध्ये तर ८ वर्षांच्या पाठपुराव्यातही रेझिस्टन्स सापडला नाही. म्हणून नवीन डॉक्टरांकडे गेलात तर पूर्वी कुठल्या गोळ्या खाल्ल्या ते नक्की सांगा, जुनी चिठ्ठी असेल तर घेऊन जा, तुमच्या सगळ्या जीन रिपोर्टपेक्षा ती चिठ्ठी जास्त उपयोगाची आहे.

बरं, मग माणसाच्या जीन्सचं काय? ते पण सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा एकाच बाजूने बोलतोय.

आपल्या ६ नंबरच्या क्रोमोसोमवर एचएलए नावाचा जनुकांचा मोठा समूह आहे. घुसलेल्या व्हायरसचे तुकडे पेशीच्या बाहेर दाखवायचे आणि इम्यून सिस्टिमला ओळख पटवून द्यायची हे त्यांचं काम. प्रत्येक माणसाचा एचएलए सेट वेगळा, म्हणून किडनी ट्रान्सप्लांटला मॅचिंग लागतं. १९९५ मध्ये गांबियातल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की एचएलए-डीआर मधला एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे आहे त्यांच्या शरीरातून हा व्हायरस जास्त वेळा आपोआप निघून जातो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी अख्ख्या जिनोमवर शोध घेऊन एचएलए-डीपी जनुकांजवळचे काही बदल पकडले, ते असणाऱ्यांमध्ये इन्फेक्शन क्रॉनिक होण्याची शक्यता कमी, आणि ते जपानबरोबर थायलंडच्या पेशंटमध्येही तपासून पाहिलं होतं. हे काम पक्कं आहे, नंतर आणखी गटांतही दिसलं. पण नीट बघा, प्रश्न काय होता तर व्हायरस शरीरात टिकतो की जातो. औषध लागू पडतं की नाही हा पुढचा वेगळा प्रश्न. याच डीपी जनुकांचा इंटरफेरॉनच्या रिझल्टशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण दिसलेला फरक सरासरीचा आहे, शंभर लोकांच्या गटात दिसतो, समोर बसलेल्या एका माणसाला 'तुला लागू पडेल, तुला नाही' असं त्यावरून सांगता येत नाही. लेखकाची गाडी नेमकी इथेच रुळावरून घसरली.

आणि मग ते आयएल-२८बी. लेखात याचं फारच कौतुक आहे. हे जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि २००९ मध्ये ते जगभर गाजलं यात शंकाच नाही, पण कुठल्या आजारासाठी? हिपॅटायटिस सी साठी! त्या जीनजवळचं डीएनएचं एक अक्षर आई आणि वडील दोन्हीकडून अनुकूल आलेलं असेल तर इंटरफेरॉनच्या उपचाराने सी बरा होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. एवढा मोठा फरक एका अक्षराने पडणं हे वैद्यकशास्त्रात क्वचितच दिसतं, म्हणून डॉक्टर लोक खरंच ती टेस्ट करायला लागले. साहजिकच बी च्या संशोधकांनी पण हेच तपासलं. काही ठिकाणी संबंध सापडला, २०१२ मध्ये युरोप आणि आशियातल्या एचबीईएजी पॉझिटिव्ह पेशंटवरचा एक चांगला अभ्यास आला त्यात सापडला, पण दुसऱ्या कित्येक अभ्यासांत सापडला नाही, आणि मग सगळं थंडावलं. सी आणि बी ही नावं शेजारची आहेत म्हणून व्हायरस पण भाऊ भाऊ असतील असं नाही हो. सी चा व्हायरस आरएनएचा, पेशीच्या केंद्रकात जाऊन ठाण मांडत नाही, काढला की गेला. बी चा डीएनए केंद्रकात शिरून एक बंद वर्तुळ करून बसतो, आपल्या क्रोमोसोममध्ये पण तुकडे घुसवून ठेवतो, आणि कुठलीही गोळी त्या वर्तुळाला हात लावत नाही. म्हणून गोळी वर्षानुवर्षं. म्हणून सी च्या जीन टेस्टचा हिशेब बी ला लावायचा म्हणजे साप सोडून भुई धोपटणं.

आणि सी चं पुढे काय झालं ते लेखात नाहीच. २०१३ च्या डिसेंबरात सोफोसबुविर मंजूर झालं, मग अशा गोळ्यांची जोडी १२ आठवडे घेतली की ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे व्हायला लागले, इंटरफेरॉनच गेलं, आणि त्याच्याबरोबर ती आयएल-२८बी ची टेस्ट पण गेली. चार-पाच वर्षांचं आयुष्य मिळालं तिला. जोपर्यंत औषध कमकुवत असतं आणि लढाई तुमच्या शरीरावर सोडलेली असते तोपर्यंत तुमच्या जीन्सचा प्रभाव मोठा दिसतो, औषध थेट व्हायरसवर बसलं की तो फरक पुसट होतो. बी च्या गोळ्यांत आपण तेच बघतोय. फरक इतकाच की बी च्या गोळ्या व्हायरस दाबतात, घालवत नाहीत. एचबीएसएजी, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन जे इन्फेक्शन असेल तर रक्तात सापडतं, ते कायमचं निगेटिव्ह होणं, ज्याला फंक्शनल क्युअर म्हणतात, ते गोळ्यांवर फार कमी लोकांना मिळतं, वर्षाला शंभरात एखाद्याला मिळालं तरी खूप. ते मिळवायचं असेल तर इम्यून सिस्टिमला उठवावंच लागणार, आणि म्हणून नव्या औषधांच्या ट्रायलमध्ये माणसाच्या जीन्सचा प्रश्न परत येईल, आला पाहिजे. त्या संशोधनाला माझा विरोध नाही, उलट माझ्यासारख्यांची सगळी आशा तिथेच आहे. फक्त संशोधन चालू आहे म्हणजे टेस्ट तयार आहे असं नाही.

काही अभ्यासांचे निकाल दुसरीकडे दिसत नाहीत याची कारणं पण लेखात यायला हवी होती. एक म्हणजे इंटरफेरॉन घेतलेले पेशंट मुळात कमी, त्यात एकाच जिनोटाइपचे, एकाच टप्प्यावरचे वेगळे काढले की दोन-तीनशे उरतात, एवढ्याशा लोकांवर शेकडो जनुकं तपासली की योगायोगाने काहीतरी जुळतंच. अख्ख्या जिनोमच्या अभ्यासात त्यासाठी फार कडक निकष लावतात, छोट्या अभ्यासात ते झेपत नाही. आणि दुसरं जास्त अवघड आहे. जगाच्या ज्या भागात व्हायरसचा सी जिनोटाइप जास्त तिथल्या लोकांचे एचएलए प्रकार पण वेगळे आणि तिथे लहानपणीच इन्फेक्शन होण्याचं प्रमाण पण जास्त, म्हणजे तीन गोष्टी एकत्र चालतात, मग रिझल्ट वाईट आला तर दोष कुणाचा, माणसाच्या जीनचा, व्हायरसच्या जीनचा की वयाचा? हे सोडवायला खूप मोठे आणि मिश्र गट लागतात.

वयावरून आठवलं, या आजारात कुठल्याही जीनपेक्षा मोठा फरक एका गोष्टीने पडतो आणि लेखात तिला एक ओळ पण नाही. इन्फेक्शन कुठल्या वयात झालं. जन्माच्या वेळी आईकडून झालं तर १० पैकी ९ बाळांमध्ये ते क्रॉनिक होतं. मोठेपणी झालं तर ५ टक्क्यांहून कमी लोकांमध्ये. तोच व्हायरस, तेच जीन्स, फक्त वय वेगळं. बाळाची इम्यून सिस्टिम त्याला परका मानत नाही आणि मग पुढे कित्येक वर्षं तो आरामात राहतो.

आणि इथे मला लेखातल्या सगळ्यात धोकादायक वाक्याकडे यायचंय, 'अनेक कुटुंबांत हा आजार आनुवंशिकपणे आढळतो'. नाही. कुटुंबात आढळतो हे बरोबर, पण तो आईच्या रक्तातून बाळंतपणात, घरातल्या एकाच रेझरमधून, सुईतून, शरीरसंबंधातून पसरतो म्हणून आढळतो. या चुकीला मोठा इतिहास आहे. बारूक ब्लम्बर्ग, ज्यांना या शोधासाठी १९७६ चं नोबेल मिळालं, ते व्हायरस शोधतच नव्हते. माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक शोधत होते, कुणाला कुठला आजार का होतो हे कळावं म्हणून. खूपदा रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) पेशंटच्या सीरमशी एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तातल्या प्रोटीनची रिॲक्शन आली, म्हणून त्याचं नाव ऑस्ट्रेलिया अँटिजेन, अजूनही रक्ताच्या लॅबमध्ये बरेच जण एचबीएसएजी ला हेच म्हणतात. ते अँटिजेन काही कुटुंबांत जास्त दिसायचं, भावाबहिणींत दिसायचं, म्हणून ब्लम्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही सुरुवातीला हा वारशाने येणारा गुणच वाटला! मग डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाचं रक्त, जे आधी निगेटिव्ह होतं, ते नंतर पॉझिटिव्ह आलं. वारशाने आलेली गोष्ट अशी मधूनच येत नाही. मुलाला तपासलं तर हिपॅटायटिस. तिथून सगळं फिरलं, व्हायरस सापडला, लस आली.

जी समजूत साठच्या दशकातच मोडीत निघाली ती आज पेपरात परत छापून येते याचं वाईट वाटतं, कारण तिचे परिणाम आम्हाला भोगावे लागतात. 'आमच्या घरात आहेच ते' असं म्हणून माणसं टेस्ट करत नाहीत, मुलांना लस देत नाहीत, कारण रक्तातच आहे म्हटल्यावर लस काय करणार? उलट आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, शक्य असेल तिथे सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडीचं, इंजेक्शन, पुढचे डोस वेळेवर, आणि आईचा लोड फार जास्त असेल तर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिला टेनोफोविर, इतकं केलं की बहुतेक बाळं वाचतात. खऱ्या आनुवंशिक आजारात अशी सोय कुठे असते?

लसीत मात्र जीन्सचा हात आहे, हे मान्य. निरोगी मोठ्या माणसांपैकी ५ ते १० टक्क्यांमध्ये तीन डोस घेऊनही पुरेशी अँटिबॉडी येत नाही, आणि त्यात एचएलए चे काही प्रकार जास्त सापडतात. पण तिथे पण डॉक्टर एचएलए तपासत नाहीत, अँटिबॉडी मोजतात, कमी असेल तर कोर्स परत देतात, आणि बऱ्याच जणांना दुसऱ्या वेळी येते. सरळ काम.

लेखात ज्या गोष्टीला चौकट द्यायला हवी होती ती गाळलीच गेली. लिव्हरच्या पेशीत हा व्हायरस शिरतो कुठून हे २०१२ पर्यंत माहीत नव्हतं. बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या टीमने दाखवलं की पेशीच्या पृष्ठभागावर एनटीसीपी नावाचं प्रोटीन आहे, त्याचं रोजचं काम पित्तातली आम्लं आत घेण्याचं, आणि व्हायरस त्याच दारातून आत येतो. या दाराच्या जीनमध्ये एका अक्षराचा एक बदल आहे, पूर्व आशियातल्या काही लोकांमध्ये सापडतो, आणि तो ज्यांच्यात आहे त्यांना क्रॉनिक हिपॅटायटिस बी होण्याचं प्रमाण कमी दिसतं. दार जरा वाकडं म्हणून व्हायरसला शिरता येत नाही! माणसाच्या जीनने फरक पडल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण या आजारात मला तरी दुसरं माहीत नाही. आणि याच दारावर बसणारं औषध पण आलं, बुलेविर्टाइड, युरोपात २०२० मध्ये मंजूर झालं, सध्या हिपॅटायटिस डी साठी, जो बी शिवाय होतच नाही. जीन्स समजून घेण्याचा फायदा असा होतो, त्यातून सगळ्यांना चालेल असं औषध निघतं. प्रत्येक पेशंटने आपापलं जीन पॅनेल, म्हणजे अनेक जीन्सची एकत्र टेस्ट, करून घेतलंच पाहिजे असं त्यातून निघत नाही.

किडनीचं थोडक्यात. टेनोफोविरचा जुना प्रकार काही जणांच्या किडनीला त्रास देतो, आणि औषध किडनीच्या पेशीतून बाहेर टाकणाऱ्या प्रोटीन्सच्या जीन्सशी त्याचा संबंध असावा असे अभ्यास आहेत, बरेचसे एचआयव्हीच्या पेशंटवर झालेले, निकाल पुन्हा उलटसुलट. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारा आकडा) आणि लघवीची साधी तपासणी वेळेवर केली की त्रास सुरू होतानाच कळतो, आणि गोळी बदलता येते.

आणि इंटरफेरॉनचं पण तसंच आहे. चालू केल्यावर १२ आठवड्यांनी एचबीएसएजी किती आहे हे आकड्यात मोजायचं. युरोपियन लिव्हर संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये लिहिलंय की एचबीईएजी पॉझिटिव्ह पेशंटमध्ये जिनोटाइप बी किंवा सी असेल आणि आकडा २०,००० च्या वर असेल, किंवा ए किंवा डी असेल आणि आकडा अजिबात उतरलाच नसेल, तर यश येण्याची शक्यता फार कमी, थांबवायचा विचार करावा. म्हणजे ४८ आठवडे हाल काढायची गरज नाही, १२ आठवड्यांत कळतं. आपल्या शरीराचे जीन्स, व्हायरसचे जीन्स, वय, सगळ्याचा मिळून जो काही परिणाम व्हायचा तो त्या एका आकड्यात दिसतोच की! लेखकाने ज्या टेस्टची वाट बघायला सांगितली तिच्यापेक्षा ही जास्त खरं सांगते, आणि ही आज उपलब्ध आहे.

एक विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना क्रॉनिक हिपॅटायटिस बी होता, त्यातल्या फक्त १३ टक्क्यांना तो आहे हे माहीत होतं, आणि उपचार मिळत होते जेमतेम ३ टक्क्यांना. ८७ टक्के लोकांना पत्ताच नाही आणि आपण वाचकांना जीन पॅनेल सांगतोय. पुढच्या पुरवणीत एचबीएसएजी च्या साध्या टेस्टवर लिहा. कुणी करावी ते छापा, गरोदर बाई, डायलिसिसवरचे पेशंट, पूर्वी कधी रक्त चढवलेले लोक, हॉस्पिटलात काम करणारे, केमो किंवा इम्युनिटी दाबणारं औषध सुरू होणार असेल ते, आणि घरात एक जण पॉझिटिव्ह निघाला की नवरा, बायको, मुलं, भावंडं, आईवडील सगळे. निगेटिव्ह निघाले आणि अँटिबॉडी नसेल तर लगेच लस सुरू करायची, त्यासाठी कुठल्या रिपोर्टची वाट बघायची नाही. आणि त्या 'आनुवंशिकपणे'वाल्या वाक्याची दुरुस्ती, लेख ज्या पानावर आला त्याच पानावर, तेवढ्याच टाइपात आली तर बरं होईल.

नाव छापू नये. ऑफिसात माहीत नाहीये.

आपला,
एक नेहमीचा वाचक